गुडघ्याला काही झालं नव्हतं

प्रिय धम्मा,

फोनवर तू "हो ताई, बरंय ताई" एवढंच म्हणतोस आणि ड्यूटीचं कारण सांगून ठेवून देतोस, म्हणून लिहायला घेतलं. हाताने मराठी लिहायची सवय मोडलीय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. त्या लाल पेनाने दुरुस्त करून मला परत देऊ नकोस. मी नागपूरला फिजिओच्या होस्टेलवर असताना तू माझ्या पत्राचं तसं केलं होतंस, पाचवीत असशील तेव्हा.

इकडचं सांगण्यासारखं फार काही नाही. प्रितमच्या ऑफिसमध्ये पुन्हा लोक काढले. तो राहिला, पण गेलेल्यांचं काम राहिलेल्यांच्या गळ्यात पडलं, त्यामुळे तुझे भाऊजी घरी असून नसल्यासारखे असतात. तुझ्या भाचीला, मैत्रीला, मराठीत काही विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि वर म्हणते, "मम्मा, आय अंडरस्टूड, राइट?" मागे एकदा इथे मॉरिसव्हिलमध्येच कुणाकडे तरी पॉटलक होतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायचं जेवण. एका काकूंनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, बल्लारपूरची. "हो, पण मूळच्या?" मी पुन्हा म्हटलं, बल्लारपूरची. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं तशा त्या "अच्छा" म्हणाल्या, पाणी घ्यायला उठल्या आणि परत काही आल्या नाहीत. मला राग आला नाही रे. रागालासुद्धा अंगात जोर लागतो. गाडीत बसल्यावर नुसतं थकून गेल्यासारखं झालं. प्रितमने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. अकरा वर्षांत आम्हाला दोघांना ही सवय लागलीय.

पण मला तुला सांगायचंय ते माझ्या एका पेशंटबद्दल. त्यांचं नाव लेम्युएल प्रूइट. वय पंचाहत्तर, आमच्या जवळच्या डरम गावात एकटेच राहतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात परसात भेंडी तोडताना पाय घसरून पडले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला मी त्यांच्या घरी जाऊ लागले. उंचेपुरे, काळे, भरदार खांद्यांचे, आवाज मात्र इतका हळू की वाकून ऐकावं लागतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि शेवटी पुढचा 'उ' गाळून "मिस पासना" वर थांबले. जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भेंडी दिली. अमेरिकेत येऊन कुणी आपण होऊन भेंडी देईल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांची मुलगी लोरेन मला दारातच बाजूला घेऊन म्हणाली, की डॅडींना नोव्हेंबरपर्यंत काठीवर का होईना चालता आलं पाहिजे. त्यांच्या जुन्या विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा बसणार होता. तिला वडिलांना व्हीलचेअरवरून मैदानात न्यायचं नव्हतं. मला तोवर काही माहीत नव्हतं. मग तिनेच सांगितलं. प्रूइट हे त्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीममधले पहिले काळे खेळाडू. इथला फुटबॉल म्हणजे आपला नाही, चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून तुम्हाला जमिनीला टेकवायचं. कॉलेजच्या मॅचला आपल्याकडच्या जत्रेपेक्षा जास्त माणूस लोटतं. एकोणीसशे अडुसष्ट साली त्या सगळ्या गोऱ्या पोरांत हा तंबाखूच्या मळ्यात राबणाऱ्या बापाचा एकटा पोरगा. दोन मोसम असा खेळला की पेपरात फोटो यायचे. तिसऱ्याच्या आधी गुडघा गेला आणि खेळ संपला. लोरेनने असंच सांगितलं. विद्यापीठाच्या माहितीतही असंच लिहिलेलं होतं.

तूही ऑर्थोची पोस्टिंग केलीस, तुला कळेल. मी त्यांचे सगळे एक्स-रे पाहिले होते. आत्ताचं फ्रॅक्चर आणि म्हातारपणाची झीज सोडली तर त्या गुडघ्यांत जुन्या दुखापतीची काही खूण नव्हती. उजव्यात नाही, डाव्यातही नाही. मी एकदा सहज विचारलं, मिस्टर प्रूइट, तेव्हा कोणता गुडघा दुखावला होता? ते पाय सरळ करून उचलत होते. उचललेला पाय तसाच धरून म्हणाले, "मिस पासना, तुम्ही हे विचारणाऱ्या पहिल्या." आणि पाय खाली ठेवून पुढच्या व्यायामाकडे वळले. मी पुन्हा विचारलं नाही.

नंतर ते आपणच बोलायला लागले, तुकड्यातुकड्याने. व्यायामात दुखायला लागलं की बोलायचे, दुखणं थांबलं की थांबायचे. टीम बाहेरगावी गेली की एका खोलीत दोन पोरं झोपत. यांच्या खोलीतली दुसरी कॉट कायम रिकामी. कोच म्हणाले, "नशीबवान आहेस, तुला एकट्याला खोली मिळते." प्रॅक्टिसमध्ये शिट्टी वाजून गेल्यावरही स्वतःच्याच टीमची पोरं अंगावर येऊन पडत. ढिगाऱ्याखाली कुणी बोटं पिरगाळी, कुणी तोंडावर थुंके. वरून पाहणाऱ्याला नुसता खेळ दिसे. एकदा त्यांनी उलटून एकाला ढकललं, तर कोचने ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत, अगदी गोड बोलले. म्हणाले, "लेम, तू चिडलास तर तुझ्यामागून येणाऱ्या पोरांसाठी हे दार बंद होईल. सगळं तुझ्यावर आहे." मला सांगताना प्रूइट हसले. "मी अठरा वर्षांचा होतो. माझ्या पाठीवर अजून जन्माला न आलेली पोरं बसवली होती त्याने."

त्यांची एक धाव फार गाजली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्यांविरुद्धची मॅच, शेवटची मिनिटं, आणि हे अख्खं मैदान कापत गेले. त्या दिवशी त्याच पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. संध्याकाळी कुणा धनाढ्य माणसाच्या बंगल्यावर टीमला पार्टी होती. बस आधी यांच्या होस्टेलपाशी थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं, कुणी काही बोललं नाही, आणि हे उतरले. पुतळा त्याच धावेचा केलाय. लोरेनने फोनवर फोटो दाखवला तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा हसतोय. मी पळताना कधी हसलो नाही."

आणि धम्मा, एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मनातून जाईना. दर रविवारी गावातल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या बायका त्यांना जेवायला बोलवायच्या. तळलेलं चिकन, पाव, रताळ्याचा गोड पदार्थ. म्हाताऱ्या बाया त्यांच्या दंडाला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "बाळा, आमच्यासाठी पळ." प्रूइट म्हणाले, "थुंकी पुसून टाकता यायची. ती ताटं फार जड होती. त्यांच्यापुढे मी कसा म्हणू, की मला आता होत नाही?" मला तेव्हा तुला सर्जरीला प्रवेश मिळाल्यावर आपल्या चौकात लागलेला फ्लेक्स आठवला. 'बल्लारपूरचे पहिले सर्जन', खाली तुझा तो कोट घातलेला फोटो आणि पन्नास जणांची नावं. बाबांनी तो पावसात फाटला तर पुन्हा करून लावला होता. मी गाडीत बसून बराच वेळ चावी फिरवली नाही.

मग ऑक्टोबरमध्ये एक दिवस त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. आम्ही अंगणात चालत होतो. ते थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवले. म्हणाले, सत्तर सालच्या वसंतात एका सकाळी ते प्रॅक्टिससाठी बुटांच्या नाड्या बांधायला बसले आणि हातांना नाडी बांधता येईना. लहान मुलाला येते ती गाठ येईना. त्याआधी कित्येक आठवडे झोप नव्हती, अन्न उतरत नव्हतं, आणि आपण जगलो काय नि नाही काय असं एक वाटणं सकाळपासून सोबत असायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, खोलीत दुसरं माणूसच नव्हतं. त्या दिवशी ते नाड्या सोडलेले बूट तसेच ठेवून उठले आणि बस स्टेशनवर गेले. अंगावर प्रॅक्टिसचेच कपडे. "मी ठरवलं वगैरे काही नाही. पाय गेले, त्यांच्यामागे मी गेलो."

घरी आईने दार उघडलं. त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जेवलास का?" बाप मात्र वर्षभर बोलला नाही. चर्चमधले लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. विद्यापीठाने गुडघ्याचं जाहीर केलं, आणि बापाला तेच बरं वाटलं, तोही लोकांना गुडघाच सांगू लागला. गुडघ्याची काय लाज! मग हेही तेच म्हणायला लागले, बायकोला, पोरीला, सगळ्यांना. पुढे डरमच्या शाळेत गणित शिकवलं, पोरांना गाडी चालवायला शिकवलं, चर्चमध्ये गायले, भेंडी लावली. वाईट आयुष्य नव्हतं, ते म्हणाले. बरंच चांगलं होतं. फक्त फुटबॉल लागला की टीव्ही बंद करायचे.

शनिवारी, मॅचच्या आधी, समारंभ झाला. मला लोरेनने मुद्दाम बरोबर ठेवलं. स्टेडियमच्या बोगद्यातून मैदानावर येताना एवढा आवाज झाला की शेजारचं बोलणंही ऐकू येईना. ते माझ्या कोपराला धरून, काठी टेकत, सावकाश चालले. माइकपाशी विद्यापीठाच्या एका मुलीने त्यांच्या हातात छापील कागद दिला. त्यात आभार होते, चिकाटी होती, आणि दुर्दैवी गुडघ्याची दुखापत होती. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, "माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. हा गुडघा मोडला यंदा, भेंडी तोडताना." लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मग ते म्हणाले, "मी गेलो, कारण राहिलो असतो तर मेलो असतो. मी वीस वर्षांचा होतो. मला जगायचं होतं. एवढंच." हसू हळूहळू विरलं. एवढ्या माणसांचं ते स्टेडियम, धम्मा, काय शांत झालं! वरच्या एका कोपऱ्यात काही लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात कुणीतरी खूण केली आणि बँड वेळेआधीच सुरू झाला.

आत एका हॉलमध्ये केक आणि कॉफी होती. लोरेन खिडकीशी उभी होती, पाठ करून. एक गोरा म्हातारा आला, त्या काळचा टीममधला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "लेम, आम्ही पोरं होतो रे." प्रूइट म्हणाले, "मीपण." त्याने हात पुढे केला, यांनी धरला, आणि तो गेला.

त्यानंतर एक उंच काळे गृहस्थ आले, यांच्याहून थोडे लहान. नाव कर्टिस. प्रूइट गेले त्याच वर्षी त्या टीममध्ये आलेल्या दोन काळ्या पोरांतले एक. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. त्या वसंतात कोच त्यांच्या घरी आले होते, पोराला आमच्याकडे पाठवा म्हणून. त्यांच्या आईने एकच प्रश्न विचारला, "आधीच्या पोराचं काय झालं?" कोच गुडघा म्हणाले. आई म्हणाली, "मी त्याच्या आईला ओळखते. खरं सांगा." कोच गप्प बसले. तेव्हा ती म्हणाली, "दोन पोरं न्या आणि एका खोलीत ठेवा. नाहीतर माझा मुलगा येणार नाही." कर्टिस म्हणाले, "आम्ही दोघांनी चार वर्षं पूर्ण केली. आमच्यात तुमच्याइतकं पळणारं कुणी नव्हतं. पण दुसऱ्या कॉटवर बोलायला माणूस होतं. तुम्ही मुकाट्याने राहिला असतात, तर त्यांनी मलाही एकट्यालाच नेलं असतं."

प्रूइटना हे पन्नासहून अधिक वर्षं माहीत नव्हतं. त्यांनी कर्टिसचा हात दोन्ही हातांत घेतला. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "मिस पासना, मी दमलो. गाडीकडे चला." परतीच्या वाटेवर लोरेन भडकली होती. "मॉमलासुद्धा नाही सांगितलंत? आयुष्यभर आम्ही तुमच्या गुडघ्याखाली उशी ठेवत आलो!" ते म्हणाले, "मला वाटलं, पळून आलेला बाप तुला नको असेल." लोरेनने पुढच्या फाट्याला गाडी हायवेवरून बाहेर काढली, पार्किंगमध्ये थांबवली आणि ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. ते मागच्या सीटवरून हात लांब करून तिच्या पाठीवर थोपटत राहिले. मी बाहेर बघत होते.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. त्याच रात्री घरी पोचले तर तुझ्या बॅचच्या सुजाताचे सहा मिस्ड कॉल होते. मी फोन केला. ती म्हणाली, ताई, धम्मा मेसमध्ये येत नाही. सरांनी सगळ्यांसमोर 'कोट्यातला हात' म्हणून त्याला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर काढलं, त्याला महिना झाला, आणि हे रोज काही ना काही चाललंय. काल त्याने आपली पुस्तकं ज्युनिअर्सना वाटून टाकली, मला आता लागणार नाहीत म्हणाला. मी तिला सांगितलं, त्याला एकटं सोडू नकोस आणि तुमच्या सायकिअ‍ॅट्रीच्या मॅडमना आत्ता उठव. तिने दोन्ही केलं. तुला वाटत असेल ती नोट्ससाठी तुझ्या खोलीत ठाण मांडून बसलीय, तर नाही, मीच बसवलंय. दुसऱ्या दिवशी मी निघाले. हे पत्र मी विमानात लिहितेय, खाली कुठला तरी समुद्र आहे, आणि उजाडताना मुंबईला उतरून थेट तुझ्या होस्टेलवर येईन. समोर आलास की तू "बरंय ताई" म्हणशील आणि मी रडेन आणि काहीच बोलणं व्हायचं नाही, म्हणून हे आधी तुझ्या हातात देईन. वाच आणि माझ्याबरोबर चल. डिग्री सोडायची, कॉलेज बदलायचं, तक्रार करायची, परत जायचं की नाही, यातलं काहीही आज ठरवायचं नाहीये. तू आमचा आहेस तो सर्जन होणार म्हणून नाहीस. विमानात बसण्याआधी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. सगळं, धम्मा. मला भीती होती ते काय म्हणतील. त्यांनी आधी तुझ्याजवळ आत्ता कोण आहे ते विचारलं. मग ते म्हणाले, "बाकीचं मी बघून घेतो. तू पोराला घरी घेऊन ये."

तुझीच,
ताई